गेली ती मिशी होती

उंद्री, ता. चिखली

तीर्थस्वरूप दाजींना कडूबाचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सर्व मजेत आहोत असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ते खरं धरू नका. तिकडे तुम्ही, सुचिताताई आणि आई खुशाल असाल अशी आशा आहे, असंही लिहितात. पण आईच्या बाबतीत मला आशा वगैरे करायची गरज उरली नाही, कारण ती जिवंत असल्याची खात्री मागच्या मंगळवारी आमच्या गावच्या एक क्रुझर भरून माणसांनी तुमच्या खामगावच्या घरी येऊन, तिला हात लावून करून घेतली आहे. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? निर्गुडीचा पाला गरम करून बांधता की नुसता उशाशी ठेवता? (ताई म्हणत होती की ठेवता.) तब्येतीला जपा. माणसाच्या तब्येतीची बातमी किती लवकर पसरते आणि कशी पसरते, हे मी आता चांगलं शिकलो आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण दाजी, तुमच्या घरी फोन लावला की तो ताई उचलते, उचलला की स्पीकरवर टाकते, आणि शेजारी आई बसलेली असते. आई सध्या माझा आवाज ऐकला की उठून मागच्या अंगणात जाते. मोबाईलवर लिहावं तर आपला तो 'सारे आपलेच' नावाचा ग्रुप आहे, आणि माझा अंगठा नेमका तिथंच पडतो. म्हणून कागद. तुमच्या घरात कागदावरचं वाचायची हौस फक्त तुम्हाला, त्यामुळे हे तुमच्याशिवाय कोणाच्या हाती लागणार नाही. तुम्ही त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कामावर होता, आणि घरी आल्यावर तुम्हाला जे सांगण्यात आलं ते अर्धं माझ्याविरुद्ध आणि अर्धं खोटं होतं. माझी बाजू आता सांगतो. अक्षर समजून घ्यावं.

माझा वस्तऱ्यांचा नाद तुम्हाला ठाऊक आहे. खामगावच्या भंगार बाजारात तुम्ही दाराचं बिजागर शोधत होता आणि मला त्या ढिगात माशाच्या आकाराच्या मुठीचा जुना वस्तरा सापडला, तेव्हापासून हे सुरू झालं (म्हणजे थोडा दोष बिजागराचाही आहे). आता न्हावी अर्धं ब्लेड लावतात ते वस्तरे नव्हेत. जुने, पातं मुठीत मिटून बसणारे, चामड्याच्या पट्ट्यावर सटासट परजायचे ते. मला पात्याशी काही देणंघेणं नाही. खरं सांगायचं तर मला पात्याची भीतीच वाटते, आणि माझी दाढी मी प्लास्टिकच्या रेझरनं करतो. माझा जीव मुठीत. (शब्दशः घ्या.) एकेक मूठ काय असते दाजी! एकीवर मक्याचं कणीस, दाण्यांसकट. एक बांबूच्या पेरासारखी. एक हरणाच्या शिंगाची, हातात धरली की गार लागते. एकीवर मोर आहे, पण कोणीतरी तो इतका वापरला की त्याचा पिसारा झिजून कोंबडी झाली आहे. कोण कुठला कारागीर, दुसऱ्याच्या गालावरून फिरणाऱ्या हत्याराला इतकं नटवून गेला, हे पाहून मला दर वेळी नवल वाटतं. अन्नपूर्णेला नवल वाटत नाही. तिचं म्हणणं, ज्या घरात इतके वस्तरे आणि नवऱ्याच्या गालावर तीन दिवसांचे खुंट, त्या घराबद्दल लोकांनी काय समजायचं?

तर चैत्र संपता संपता मला खबर लागली की साखरखेर्ड्याला सुपडाजी नावाच्या म्हाताऱ्या कारागिरापाशी मगरीच्या मुठीचा वस्तरा आहे. त्यांनी स्वतःचं दाढी-कटिंगचं दुकान कधीच मुलांकडे दिलं, आता घरीच असतात. मी तुरीच्या डाळीची एक पिशवी घेतली आणि मंगळवारी सकाळच्या गाडीनं निघालो. अन्नपूर्णेला सांगितलं, बियाण्याची चौकशी करायला जातो. (हे खोटं होतं, पण लहान होतं. मोठं पुढे झालं, आणि ते मी बोललोच नाही.)

सुपडाजींनी फडक्यातून ती वस्तू काढली आणि दाजी, माझे डोळे दिपले. म्हशीच्या शिंगाची काळीभोर मूठ. तिच्यावर मगरीचे खवले कोरलेले, एकेक नखाएवढा. मुठीच्या दोन खिळ्यांपैकी पुढचा खिळा म्हणजे मगरीचा पितळी डोळा. आणि पातं उघडलं की मगरीनं जबडा वासून जीभ बाहेर काढली असं वाटावं! त्यांच्या सासऱ्यानं हा हैदराबादेकडून आणला होता म्हणे. मी डाळ पुढे केली. सुपडाजी म्हणाले, डाळ राहू दे, नेशील तर ने, पण हा भिंतीवर टांगून ठेवायचा नाही. एकदा तरी तुझ्या तोंडाला लागला पाहिजे, आणि तो मीच लावीन. कित्येक वर्षांत कोणी माझ्यासमोर बसलं नाही. आता तुम्हीच सांगा, असं बोलल्यावर माणूस काय करील? मी पायरीवर बसलो. मान वर केली, डोळे मिटले आणि मनातल्या मनात तुमच्यासकट साऱ्यांचा निरोप घेतला.

पण त्यांचा हात लोण्यासारखा होता, हे मी देवाशपथ सांगतो. दोन्ही गाल झाले, हनुवटी झाली, मला चक्क डुलकी लागत होती. मग ते म्हणाले, मिशीची कड तेवढी रेखून देतो. माझी मिशी तुम्हाला माहीत आहेच. लग्नात तुम्हीच म्हणाला होता की मेहुण्यापेक्षा मिशी आधी मांडवात येते. ती मी मिसरूड फुटल्यापासून एकदाही उतरवलेली नाही. आणि नेमकी ती कड रेखत असताना, वरच्या टिनावर सुपडाजींच्या बायकोनं वाळत घातलेल्या कुरडयांवर एक वांदर आलं. आलं म्हणजे लिंबावरून सरळ टिनावर पडलं. तोफ उडावी तसा आवाज झाला. म्हातारी आतून "मेल्या!" म्हणून ओरडली, सुपडाजी दचकले, मी दचकलो, आणि मगर चावली. रक्ताचा एक थेंब नाही. पण डावीकडची मिशी माझ्या मांडीवर पडलेली.

आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा माझा आणि अर्धा कोण्या भलत्याचाच. सुपडाजींचा चेहरा माझ्याहून वाईट झाला होता. त्यांच्या हातून आयुष्यात असं झालं नव्हतं, ते रडायच्या बेताला आले. मग मीच म्हणालो, बाबा, अर्धी ठेवून काय करता, उरलेलीही उडवा. त्यांनी ती उडवली. मी वस्तरा खिशात घातला, उन्हाचा तडाखा होता म्हणून डोक्याला पांढरा दुपट्टा गच्च गुंडाळला आणि स्टँडवर आलो. वाऱ्याची झुळूक आली की ती थेट वरच्या ओठाला लागायची. अशी झुळूक मला तिथं आजवर लागलीच नव्हती.

आता दाजी, तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण आपल्याकडे मिशी उतरवलेला, डोक्याला पांढरं गुंडाळलेला, डोळे तारवटलेला माणूस एसटीत दिसला तर त्याचा अर्थ एकच होतो. मायबापातलं कोणीतरी गेलं. आणि माझे वडील मला मिसरूड फुटायच्या आधीच गेले, हे साऱ्या उंद्रीला माहीत. हे मला तेव्हा सुचायला पाहिजे होतं. सुचलं नाही. चिखलीला गाडी बदलली, खिडकीशी बसलो, आणि बाजाराची पिशवी घेऊन आमच्या गल्लीतली वच्छलाबाई माझ्या शेजारी येऊन बसली. ही आईची लहानपणापासूनची जोडीदारीण, आणि भांडणातली जोडही तीच. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी मांडीवरून खाली सोडली. पुढचं बोलणं मी शब्दाला शब्द देतो, कारण सारा गाव मला त्यासाठी बोल लावतो आहे.

"बाप्पा रे कडूबा! काय झालं रे हे?"

"गेली, मावशी."

"कवा?"

"आताच. दुपारून."

"अशी कशी गेली माय! धडधाकट होती न?"

"होती न. सकाळीच तेल लावलं होतं तिले."

"मंग?"

"वांदर आलं टिनावर. धाडकन. त्याच्यातच गेली."

मावशीनं पदर तोंडाला लावला. "भेवानं गेली वं माय," ती स्वतःशीच म्हणाली.

"पुरी नाही गेली," मी म्हणालो. "अर्धी राह्यली होती. पन अर्धी ठेवून काय करता? लोकाइले तमाशा. मंग मीच म्हटलं, आता करून टाका एकदाचं."

"तू म्हटलं?"

"मीच म्हटलं. डोये मिटले आन् म्हटलं."

मावशी हळूच सीटच्या कडेला सरकली. उंद्री येईपर्यंत ती नुसती माझ्याकडे पाहायची आणि हुंदका द्यायची. मला वाटलं, किती मायाळू बाई! परक्या माणसाच्या मिशीसाठी इतकं कोण रडतं? मला स्वतःलाही मग भरून आलं आणि मीही दोन आसवं गाळली. ती तिनं पाहिली. (हेही पुढे माझ्या विरोधातच गेलं. करून-सवरून रडतो, म्हणे.)

स्टँडवर उतरल्यावर ती लगबगीनं गावात गेली आणि मी शेताकडे वळलो. अशा तोंडानं उजेडात अन्नपूर्णेपुढे उभं राहायची हिंमत नव्हती. शिवाय तिचा फोन येईल आणि बियाण्याचं विचारील, म्हणून मोबाईल बंद केला. बाभळीखाली बसून मगर काढली, दुपट्ट्यानं पुसली, जबडा उघडला, मिटला, उघडला. खवल्यांमध्ये जुना साबण अडकला होता तो काडीनं काढला. खोटं कशाला सांगू, मला मिशीचा जवळजवळ विसर पडला होता. असा सुखात मी तिथं बसलो होतो आणि तिकडे गावात माझ्या आईचं मरण घरोघर पोचत होतं.

पुढचं मला नंतर कळलं. मावशीनं वेशीतच हंबरडा फोडला. गुलाबकाका (वडिलांच्या मागे आमच्या घरातले मोठे तेच) पारावरून उठून आमच्या घरी गेले. अन्नपूर्णा म्हणाली, असं कसं, काल तर आत्याबाई (म्हणजे आई) फोनवर बोलल्या. माझा फोन लावला, तो बंद. ताईचा लावला. आता दाजी, इथं तुमच्या घरातली एक गोष्ट आडवी आली. आई दुपारी ताईचा मोबाईल घेऊन त्यावर कीर्तन ऐकत बसते, आणि मध्ये कोणाचा फोन आला की लाल बटण दाबून तो घालवते. त्या दुपारी अन्नपूर्णेनं फोन केला, आईनं घालवला. काकांनी केला, तोही घालवला. शेजारच्या सारिकानं केला, सरपंचांनी केला, साऱ्यांचे घालवले. गावानं अर्थ काढला की ताई शुद्धीवर नाही, फोन उचलायच्या अवस्थेत नाही. म्हणजे आपल्या मरणाची बातमी खोटी ठरवायची संधी आईनं स्वतःच्या अंगठ्यानं दहा-बारा वेळा घालवली. (हे तिला सांगू नका.) मग काकांनी गल्लीतल्या गणेशची क्रुझर काढायला लावली, कापड घेतलं, हार घेतला, आणि मावशीला पुढच्या सीटवर बसवून मंडळी खामगावच्या रस्त्याला लागली.

दिवस कलल्यावर मी घरी आलो. ओसरीवर बायका बसलेल्या, मधोमध अन्नपूर्णा, डोळे सुजलेले. चूल थंड. मी दारात उभा राहिलो आणि साऱ्या जणींनी एकदम माझ्या ओठाकडे पाहिलं आणि गळा काढला. मला माहीत होतं की अन्नपूर्णेला वाईट वाटेल, पण साऱ्या गल्लीला वाटेल अशी कल्पना नव्हती. कोणत्या तोंडानं समजूत घालावी तेच कळेना.

"रडू नका," मी म्हणालो. "झालं ते झालं. महिन्याभरात येते परत."

बायकांनी डोळ्यांवरचे पदर खाली घेतले.

"कोन येते परत?" अन्नपूर्णेनं विचारलं.

"हेच न." मी ओठावर बोट ठेवलं. "उलट वस्तऱ्यानं काढली का दाट येते म्हंते."

"मिशी?"

"मंग काय?"

"आन् आत्याबाई?"

"आईचं काय? आई खामगावले आहे न."

मग मला सारं सांगण्यात आलं. दोन-तीन जणी एकदम बोलत होत्या, आणि प्रत्येक वाक्यागणिक मी भिंतीला टेकून थोडा थोडा खाली घसरत होतो. मी माणूस मारलेला नाही, शेताच्या धुऱ्या-बांधावरून कोणाशी वाकडं घेतलेलं नाही, आणि मी शेतात मगर पुसत असताना माझ्याच तोंडच्या शब्दांनी माझी आई गेली होती, तीही वांदराच्या भीतीनं, आणि शेवटचा निर्णय माझा! मी पाणी मागितलं. सुतकाच्या घरात ते कोणी आणून दिलं नाही.

शुद्ध आल्यावर पहिला फोन गणेशला लावला. त्यानं उचलला आणि दबल्या आवाजात म्हणाला, "अण्णा, पोचलो आमी. गाडी दारात लागली. रडनं सुरू झालं." मी ओरडलो, थांबव त्याइले! पण फोनमधून मला आधी मावशीचाच टिपेचा आवाज ऐकू आला. आमच्या बायका घर दिसलं की गाडीतूनच सूर लावतात, तुम्हाला माहीत आहे. मग फाटकाचा आवाज. मग आणखी एक बाई रडायला लागली, आणि तो आवाज ऐकून मी ताठ उभा राहिलो. ती आई होती. दारात गावची माणसं रडताना पाहून तिला वाटलं की गावात कोणीतरी गेलं, आणि विचारायच्या आधी तिनंही पदर डोळ्याला लावून सुरात सूर मिसळला होता.

"कोन गेलं वं माय?" आई रडत विचारत होती. "सांगा त खरं! कोन गेलं?"

"तूच न वं!" मावशी म्हणाली, आणि मग काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. ती मावशी होती.

पुढे बराच वेळ नुसता गोंधळ. कोणी पाणी आणा म्हणतं, कोणी कांदा फोडा म्हणतं. गुलाबकाका आईच्या पायाकडे पाहत होते म्हणे, उलटे आहेत का सुलटे. हार गणेशच्या हातात होता, तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना, म्हणून त्यानं तो तुमच्या तुळशीला घातला. (तो तुम्ही रात्री पाहिला असेल. आता उलगडा झाला.) मग फोन आईच्या हाती गेला.

"कडूबा."

"हाव आई."

"मी मेली का रे?"

"नाही आई."

"मंग हे कायले आले सारे?"

मी काय सांगणार? मिशीचं सांगितलं, वांदराचं सांगितलं, वस्तऱ्याचं सांगितलं. आई शांत ऐकत होती. दाजी, तुम्हाला खोटं वाटेल, पण तिला आधी मजाच वाटली. खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, असं ती म्हणाली, आणि लगेच चौकशी सुरू केली. गुलाबराव रडला का? सारिका रडली का? कापड कोणतं आणलं, चांगलं आणलं का उगाच फडकं? मी साऱ्यांच्या नावानं हाव हाव म्हणत होतो. मला वाटलं, सुटलो. आणि तेवढ्यात मावशी शुद्धीवर आली आणि तिनं बसमधलं सारं सांगितलं. अर्धी राह्यली होती. करून टाका. डोये मिटले आन् म्हटलं. फोन तिथंच कटला.

त्यानंतर आई माझ्याशी एकदाच बोलली, दुसऱ्या दिवशी सकाळी. तिनं स्वतः फोन केला. आवाज रागाचा नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त धक्का बसला. म्हणाली, "वच्छलीचं जाऊ दे. तिचे कान तसेच आहेत. पन गुलाबरावले बी ते खरं वाटलं. साऱ्या गावाले वाटलं. एकानं बी म्हटलं नाही रे, का कडूबा असं म्हननार नाही?" आणि फोन ठेवला.

मी तसाच काकांकडे गेलो आणि भांडायच्या तयारीनं विचारलं, काका, तुम्ही कसं खरं मानलं? काका सुपारी कातरत होते, वर पाहिलंही नाही. म्हणाले, "काऊन नाही मानाचं? तुही माय दोन महिने झाले पोरीच्या घरी आहे. कितीदा गेला तू? खामगावले तू जाते, पन भंगार बाजारात." दाजी, हे ऐकून माझा जो चेहरा झाला तो झाकायला आता मिशीसुद्धा नव्हती. मी तसाच उठून घरी आलो. त्या संध्याकाळी एकही वस्तरा काढला नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगितल्याशिवाय माझ्या मनाला चैन नाही. परवा दुपारी वच्छलामावशी घरी आली. मला वाटलं, माफी मागायला आली असेल, किंवा मागायला लावायला. बसली, हवापाण्याचं बोलली, अन्नपूर्णेला चहा ठेवायला आत पाठवलं आणि माझ्याकडे सरकून हळू आवाजात म्हणाली, "कडूबा, माही बी एक बातमी उठव न." मी म्हणालो, कसली? "तसलीच. तुह्या मायची, भिमाबाईची उठवली तशी. तिच्यासाठी गाडी भरून मानसं निंगाली बाप्पा. माहा शिवम पुन्याहून दोन दिवाया झाल्या, आला नाही. पाहू त खरं, येते का." हे ती हसत म्हणाली. मीही हसायला लागलो. मग पाहिलं तर ती हसत नव्हती. मंगळवारपासून मला धक्क्यावर धक्के बसले आहेत, पण हा साऱ्यांत मोठा. चहा आला तेव्हा ती उठून गेलेली होती.

तर दाजी, माझी विनंती एवढीच की आईची समजूत तुम्ही घालावी. तुमचं ती ऐकते, कारण तुम्ही कमी बोलता. तिला सांगा की कडूबा ते मिशीबद्दल बोलला होता. आणि सांगा की तिच्याबद्दल तो तसं कधी म्हणणार नाही. हे मीच तिला सांगायला पाहिजे होतं, पण सांगायला गेलो की ती मागच्या अंगणात जाते, आणि तुमच्या मागच्या अंगणाला दुसरं दार नाही. चुकलंमाकलं पोटात घालावं. ताईला नमस्कार, आईला दुरून साष्टांग.

तुमचा बिनमिशीचा मेहुणा,
कडूबा

ता. क. : दाजी, खरं काम राहिलंच. हे पत्र गणेशच्या हाती पाठवतो आहे आणि त्यासोबत कैरीच्या लोणच्याचा एक डबा आहे. तो उघडू नका. त्यात लोणचं नाही. अन्नपूर्णेनं सांगितलं आहे की आत्याबाई घरी यायच्या आत हे सारं विहिरीत गेलं पाहिजे. म्हणून माझे सगळे वस्तरे मगरीसकट फडक्यात बांधून डब्यात भरले आहेत. तुमच्या माळ्यावर जुन्या कुलरच्या मागे कोणी हात घालत नाही, तिथं ठेवा. ताईला कळू देऊ नका. वर लिहिलं आहे की त्या संध्याकाळी एकही वस्तरा काढला नाही, ते अगदी खरं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी काढले. मगरीला महिन्यातून एकदा तेलाचं बोट फिरवायला विसरू नका, शिंग तडकतं.

आनखी ता. क. : दाजी, नमस्कार. मी अन्नपूर्णा लिहून राह्यली. पत्र चिकटवाले माह्याजवळ दिलं होतं, मी वाचलं. डबा बी उघडला. वस्तरे माह्या ट्रंकात आहेत, किल्ली आत्याबाई घरी आल्या का त्याइच्या कमरेले लावीन, मंग ज्याले मगर पाहाची त्यानं त्याइच्याजवळ जाऊन बसावं आन् मागावी. तुमाले पाठवलेल्या डब्यात आता खरंच लोनचं आहे, खा. हे उद्या सकाळच्या गाडीनं खामगावले येऊन राह्यले, त्याइले अजून माहीत नाही. मागच्या अंगनाच्या दाराले तुमी आतून कडी लावून ठेवा. आन् वच्छलामावशीच्या शिवमले मीच फोन लावला होता. खोटं काही सांगितलं नाही. म्हटलं, तुही माय जितीजागती आहे, तवाच येऊन जाय. रविवारी येऊन राह्यला तो.